चौदा रविवार

४ फेब्रुवारी

आम्ही दोघं एकाच गोणपाटावर गुडघे टेकून बसायचो. तो वाचायचा, मी लिहायची. सकाळी सात. जमिनीत रोवलेले चार थर्मामीटर, वाकड्या मानेचे, चार वेगवेगळ्या खोलीचे. तो आधी काचेवरचं दव बोटाने पुसायचा, मग डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा आणि म्हणायचा, "अकरा पूर्णांक..." आणि थांबायचा. मुद्दाम. मी रजिस्टरातून मान वर करून बघेपर्यंत पुढचा आकडा यायचा नाही. बघितलं की मग, "तीन." चौतीस वर्षांत ही गंमत त्याला जुनी झाली नाही. मला झाली होती. आता त्याला जाऊन दोन वर्षं झाली, आणि माझ्यासाठी आकडा अडवून धरणारं कोणी नाही.

लोकांपुढे मी त्याला 'हे' म्हणायचे. वहीत तो 'तो'च.

आज हे सगळं वर आलं त्याला कारण झालं. पण आधी कामाचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मी आठवड्यातले तीन दिवस संस्थेत जाते. काम काय, तर 'येत्या परिषदा' नावाची यादी. हवामान, जमीन आणि एकंदर पृथ्वी यांच्यावर जगात कुठे कुठे माणसं जमणार आहेत ते शोधायचं, तारीखवार लावायचं, फळ्यावर डकवायचं. आज यादीत एकोणीस झाल्या. पृथ्वीची एवढी काळजी, तीही तीन महिन्यांत! एक आहे समुद्राची पातळी वाढते आहे या विषयावर, एका बेटावर. जायला तीन विमानं बदलावी लागतात. एक पाण्याच्या टंचाईवर; ज्या हॉटेलात आहे त्याचे पोहण्याचे तलाव चार. एकीचं नाव इतकं लांब आहे की फळ्यावर दोन ओळी गेल्या आणि तरी ती कशावर आहे ते कळलं नाही.

एकोणिसावी आमचीच. १९ मार्च. 'मातीचं ऐकू या.' मातीत थर्मामीटर होते तो प्लॉट तो निवृत्त झाला त्याच वर्षी बंद केला, दहा वर्षांपूर्वी. आता तिथे पाहुण्यांच्या गाड्या लागणार. माती बोलली तर चाकाखालून बोलेल.

तर कारण: साहेबांनी (म्हणजे संचालकांनी) बोलावून घेतलं. म्हणाले, बाई, मुख्य सत्र आपण यांच्या नावाने करतोय. चौतीस वर्षांची सलग नोंद, अशी फार थोड्या ठिकाणी आहे. सन्मानचिन्हही देणार.

हयातीत त्याला एक साधी खुर्ची बदलून मिळाली नव्हती. मी आभार मानले, बाहेर आले आणि बराच वेळ चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

६ फेब्रुवारी

चिमणीने आलेख दाखवला. चिमणी म्हणजे संस्थेतली सगळ्यात धाकटी शास्त्रज्ञ. पावशेर वजन, दिवसभर चिवचिव. हे नाव मी मनातच ठेवलंय. मला ती काकू म्हणते आणि त्याला, कधी बघितलं नसताना, काका. त्याची चौतीस वर्षांची रजिस्टरं तिने महिनोन् महिने बसून संगणकात घातली. एकटीने.

पडद्यावर एक रेघ. बावीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापर्यंत मुंगीच्या पावलाने वर जाणारी. आणि मग एकदम पायरी! चार दशांश अंश वर. पुन्हा खाली उतरतच नाही.

"काकू, हवेच्या तापमानात यातलं काही नाही. हवा तशीच, आणि माती एका हिवाळ्यात चढली. हे कोणाकडेच नाहीये."

का चढली याची तिच्याकडे तीन कारणं आहेत. एक मला समजलं, एक समजल्यासारखं वाटलं, तिसरं तिने दोनदा सांगितलं. १९ तारखेला तेच मांडणार. तिचा करार एप्रिलअखेर संपतो. हे गाजलं तर संस्था तिला ठेवून घेईल. नाही गाजलं तर तिच्या जागेची जाहिरात फळ्यावर लागलीच आहे. मीच डकवली आहे.

नेमका कोणता हिवाळा, मी विचारलं. तिने सांगितलं. मी म्हटलं, छान आहे हं आलेख, आणि लिफ्ट समोर उघडी असताना जिन्याने खाली आले.

७ फेब्रुवारी

पायरी कसली! गुडघा आहे तो.

९ फेब्रुवारी

लिहून टाकते. डोक्यात ठेवण्यापेक्षा कागदावर बरं.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो वाऱ्याचं यंत्र लावलेल्या खांबाच्या शिडीवरून घसरला. उजवा गुडघा. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि गुडघे टेकून बसायचं नावही काढायचं नाही म्हणाले. संस्थेत त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर त्याला टेबलाशी बसवून प्लॉट दुसऱ्या कोणाला दिला असता. म्हणून पट्टा पँटच्या आत, आणि विचारणाऱ्याला उत्तर एकच, बूट चावतोय. तीन महिने बूट चावत होता. कोणी नवे घे म्हणालं नाही!

आणि तो उभ्याने वाचायला लागला. जरासा वाकून, हात पाठीमागे. एखादा मंत्री फुलांचं प्रदर्शन बघतो तसा.

आता यात बिघडलं काय? तर काचेवरच्या खुणा पुढे असतात आणि पारा आत, मागे. डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर असला तर आकडा खरा. डोळा वर असला तर आकडाही वर चढतो. आम्हाला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या निरीक्षकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मान वर तर आकडा वर. पुढे त्याने स्वतः हेच वाक्य कितीतरी जणांना शिकवलं. गोणपाटावर बसून.

मी खाली, तो उभा. तो सांगायचा, मी लिहायची. माझे गुडघे शाबूत होते. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी वर्गात बोलल्याबद्दल, प्रार्थनेत हसल्याबद्दल आणि एकदा देव रविवारी कोणाला प्रार्थना करतो असं विचारल्याबद्दल गुडघ्यांवर बसवून बसवून ते पक्के केले होते. मला संस्थेत घेतलं ते सिस्टरांनी वळवलेल्या अक्षरासाठी, टिकले ते त्यांनी घडवलेल्या गुडघ्यांमुळे. सहज म्हणता आलं असतं, तू लिही, मी वाचते. एकदा म्हटलंही. तो रागावला नाही. फार हळू म्हणाला, "वाचणारा मी आहे ना?" मग मी परत विचारलं नाही.

एका सकाळी तो पुढे निघाल्यावर मी मागून नीट वाकून पाहिलं. चार दशांशांचा फरक. रजिस्टरात त्याचाच आकडा राहू दिला. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, त्यात लिहायचं असतं: कुंपण तुटलं, काच बदलली, गाय शिरली. मी लिहिलं, 'आकाश निरभ्र.'

नंतर गुडघा बरा झाला. पण उभ्याने वाचायची सवय लागली ती लागली. बारा वर्षं!

आणि आता त्या गुडघ्यावर जगभरचे विद्वान चर्चा करणार.

१२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला सांगितलं सगळं. ती दूर राहते, आणि लांबून सगळं सोपं दिसतं.

"आई, बाबांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मिळतंय. तू त्यात त्यांचा गुडघा काढू नकोस."

मी म्हटलं, आणि त्या मुलीचं काय? आज टाळ्या मिळतील, उद्या कोणीतरी शहाणा निघेल, पायरी खोटी म्हणेल, आणि खोटी ठरेल ती पोर. तो तर सुटला. लेक म्हणाली, तेव्हाचं तेव्हा बघू. हे बापाचं वाक्य. नाक त्याचं, हट्ट त्याचा, 'तेव्हाचं तेव्हा बघू' त्याचं. माझं तिच्यात फक्त अक्षर आलं, आणि आता हाताने कोणी लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी

परिषदेच्या समितीची सभा. अडीच तास. त्यातले दोन तास पिशव्यांवर. पाहुण्यांना द्यायच्या पिशव्या तागाच्या हव्यात की कापडाच्या, कारण पृथ्वी. शेवटी तागाच्या ठरल्या. त्या विमानाने येणार आहेत, कारण वेळ कमी आहे. प्रत्येक पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, कारण ताग मळतो.

मग स्वागताचा फलक. फलकावर पृथ्वी हवी, पण चिंतेत असलेली. चित्रकाराने पाठवलेली पृथ्वी साहेबांना फार आनंदी वाटली.

शेवटी दोन मिनिटं सन्मानचिन्हाचा मजकूर. साहेबांनी वाचून दाखवला: 'चौतीस वर्षे, अचूक आणि अखंड.' सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. मीही हलवली. अखंड तर होतंच.

चिमणी माझ्या शेजारी बसली होती. वहीच्या कोपऱ्यात तिने एक छोटी पायरी काढली होती आणि तिच्यावर उभा एक छोटा माणूस. हात पाठीमागे. मी तिला कधी सांगितलं नव्हतं तो कसा उभा राहायचा! माणसं चित्रात अशीच उभी करतात म्हणा. तरी सभा संपेपर्यंत मी त्या कोपऱ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

२० फेब्रुवारी

सांगितलं.

तिला घेऊन प्लॉटवर गेले. म्हणजे गाड्या लावायच्या जागेवर. पांढऱ्या रेघा मारून झाल्यात. तो कुठे उभा राहायचा ते दाखवलं. शिडी, पट्टा, चावणारा बूट, सगळं सांगितलं. मला वाटलं चिमणी रडेल. ती म्हणाली,

"थर्मामीटर आहेत का अजून?"

रडण्यापेक्षा हे जास्त लागलं. त्यानेही हेच विचारलं असतं.

स्टोअरकीपरकडे एक होता, जुन्या पेटीत, भुश्यात जपून ठेवलेला. स्टोअरकीपर त्याचा दोस्त, मला वहिनी म्हणतो. कशाला हवाय विचारलं नाही, मोडू नका एवढं म्हणाला. एका कुंडीच्या मातीत रोवला. चिमणी गुडघे टेकून वाचणार, मग उभी राहून. मी लिहिणार. तिचा फरक आला दोन दशांशांचा. मग स्टोअरकीपरला उभा केला. तो ताडमाड, त्याचा आला पाच. मग चिमणी शेजारच्या कुंडीच्या काठावर चढली, तेव्हा तिचा आला चार. कुंडी कलंडली.

"म्हणजे होतं हे," ती म्हणाली. "पण किती होतं ते काकांच्या उंचीवर, त्यांच्या वाकण्यावर. कुठल्या दिवशी किती वाकले ते कोण सांगणार? पायरी अख्खी गुडघ्याची, का अर्धी मातीची? मला वजा किती करायचं तेच माहीत नाही."

मला माझी ती एक सकाळ माहीत होती. ती सांगितली. ती म्हणाली, एक दिवस म्हणजे काहीच नाही हो काकू.

स्टोअरकीपर थर्मामीटर पुसत म्हणाला, "वहिनी, मला तेव्हाच शंका होती. बूट मीच दिले होते त्याला. चांगले सैल होते."

२१ फेब्रुवारी

चिमणी आली नाही. टेबलावर तिचा डबा कालपासून तसाच.

मी काय मिळवलं सांगून? खरं बोलण्याचं कौतुक शाळेत होतं. तिथे खरं बोललं की निदान चित्र मिळायचं, संताचं, चकचकीत.

२५ फेब्रुवारी

चिमणी आली. धावतच. हातात त्या वर्षाचं रजिस्टर.

"काकू, वाचणाऱ्याचा रकाना मी संगणकात घातलाच नव्हता! मला वाटलं सगळीकडे काकाच असतील. हे बघा. रविवारी वाचणाऱ्याही तुम्ही, लिहिणाऱ्याही तुम्ही."

खरं आहे. रविवारी तो स्वयंपाक करायचा, म्हणजे घरातली सगळी भांडी खाली काढायचा, आणि प्लॉटवर मी एकटी जायची. लग्न झाल्यापासूनची वाटणी. त्या फेब्रुवारीअखेर काटकसरीचा हुकूम आला आणि रविवारची वाचनं कायमची बंद झाली.

"म्हणजे ते उभ्याने वाचायला लागले तिथपासून रविवार बंद होईपर्यंत चौदा रविवार आहेत. चौदा! तीच जमीन, तोच हिवाळा, आणि तुम्ही गुडघ्यांवर. शनिवारी ते, रविवारी तुम्ही, सोमवारी पुन्हा ते. बघा ना, दर रविवारी आकडा खाली. बहुतेक ठिकाणी चारने. आता मला वजा किती करायचं ते कळलं. ते केलं की पायरी नाहीशी. राहते ती हळूहळू चढणारी रेघ. आणि ती खरी आहे!"

तिने मला मिठी मारली. हाडं टोचतात तिची.

मला त्या रविवारांची आठवणच राहिली नव्हती.

असं आत्ता लिहिलं खरं.

२६ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. गेले नाही.

३ मार्च

साहेबांना कळलं. आधी आकांडतांडव. बाई, तुम्ही बावीस वर्षं काय करत होतात? सन्मानचिन्ह कोरून आलंय! 'अचूक' शब्दाचं आता काय करू?

मग त्यांनी चिमणीचा नवा गोषवारा एका परदेशी पाहुण्याला पाठवला, परिषदेच्या मुख्य पाहुण्याला. त्याचं दुपारी उत्तर आलं. त्याला फार आवडलं. जुन्या नोंदी अशाच तपासायला हव्यात, माणसाचं शरीर आकड्यात कसं उतरतं याचं इतकं सुंदर उदाहरण त्याने पाहिलं नाही वगैरे. काकांचा फोटो मिळेल का, असंही विचारलंय. शक्यतो गुडघे दिसतील असा.

चार वाजता साहेब मला म्हणाले, "बाई, मी पहिल्यापासून म्हणत होतो यात काहीतरी आहे."

चिमणीचं व्याख्यान आता मुख्य सत्रात, पहिलं. 'अचूक' हा शब्द खरवडून काढणार आणि तिथे 'निष्ठावान' बसवणार. अक्षरं जरा दाटीवाटीने बसतील. आणि दुसरं सन्मानचिन्ह मला. मी नको म्हटलं. साहेबांना तो विनय वाटला. या वयात बाईने नको म्हटलं की लोकांना विनयच वाटतो.

५ मार्च

लेकीला कळवलं. बाबांचा गुडघा जगप्रसिद्ध होणार म्हणून सांगितलं. ती खूप हसली, मग रडली, मग म्हणाली, बरं झालं तू गप्प बसली नाहीस. आठवड्याभराची रजा काढून येते आहे.

मी म्हटलं, एवढं काही नाही त्यात, नाही आलीस तरी चालेल. ती म्हणाली, आई, तुझा सत्कार आहे, आणि मी येऊ नको?

११ मार्च

यादीत आता तेवीस परिषदा. फळ्यावर जागा नाही. दोन एकावर एक डकवल्या. वरची वाळवंटावर आहे, खालची पुरावर.

विमानातून ताग आला.

चिमणीला साहेबांनी तोंडी सांगितलं, दोन वर्षं नक्की, कागद व्याख्यानानंतर. तिने मला जिन्यातच गाठलं. डोळे भरलेले. "काकू, तुमचे चौदा रविवार नसते तर मी एप्रिलमध्ये सामान बांधलं असतं. माझं सगळं व्याख्यान त्यांच्यावर उभं आहे."

मी म्हटलं, अगं, व्याख्यान मातीवर असावं, माझ्यावर कशाला. ती हसली. फार विनोदी आहात म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन सगळे डबे पुसले. रिकामे होते तेही.

१४ मार्च

तिने व्याख्यान मला म्हणून दाखवलं. रंगीत तालीम. खोलीत मी आणि स्टोअरकीपर, श्रोते म्हणून. मध्येच ती चौदा ठिपके दाखवते, लाल, एका ओळीत, त्याच्या निळ्या रेघेच्या खाली. आणि म्हणते, "या हिवाळ्यात आठवड्यातून एकदा कोणीतरी गुडघे टेकून जमिनीकडे नीट पाहिलं." इथे थांबते. लोकांनी मान वर करून बघावं म्हणून.

स्टोअरकीपरने टाळ्या वाजवल्या. मला म्हणाला, वहिनी, त्याला आज फार बरं वाटलं असतं.

मी विचारलं, चौदा ठिपके फार कमी नाहीत का गं? तिने गंभीरपणे उत्तर दिलं. कमी आहेत, पण स्वच्छ आहेत.

१५ मार्च

सिस्टर आम्हाला दर शनिवारी फादरांकडे पापं सांगायला पाठवायच्या. आठवड्याला तीन तरी हवीतच असा दंडक होता. माझी भरायची नाहीत, मग मी मैत्रिणीची उसनी घ्यायचे.

१७ मार्च

लेक आली. माझी चांगली साडी कपाटातून काढून इस्त्री केली. माझ्या सन्मानचिन्हाचा फोटो साहेबांनी पाठवलाय. 'रविवारच्या अचूक वाचनांसाठी.' शब्द वाया गेला नाही म्हणायचा, त्याच्यावरून काढला तो माझ्यावर बसवला.

लेक फोटोकडे बघत म्हणाली, बाबांना हेवा वाटला असता. मी म्हटलं, नसता वाटला. ती म्हणाली, कशावरून? मी म्हटलं, चहा टाकते.

१८ मार्च, संध्याकाळी पाच

त्या हिवाळ्यात माझी आई दुसऱ्या गावी इस्पितळात होती. मी शनिवारी दुपारच्या बसने जायचे, सोमवारी पहाटे परत. रविवारी मी प्लॉटवर नव्हते. चौदातल्या एकाही रविवारी नाही. त्याने जाऊ नये, निदान एक दिवस गुडघ्याला आराम पडावा, म्हणून बस गाठण्याआधी रविवारची ओळ मीच भरून ठेवायचे. शनिवारचा आकडा घ्यायचा, हवा बघून थोडा खालीवर करायचा, आणि त्यातून चार दशांश वजा. बारा वेळा चार, दोनदा तीन, म्हणजे खरं वाटेल. वजा का, तर गुडघ्यांवर बसून वाचणारी मी खरी म्हणून. वाचणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. त्या हिवाळ्यात माती चढली की नाही, हे आता कोणालाच कळायचं नाही.

एका शनिवारी त्याने ती भरलेली ओळ पाहिली. म्हणाला, "रविवार लवकर आला वाटतं." आणि माझी पिशवी उचलून बसपर्यंत आला. लंगडत. पुढे बावीस वर्षांत अवाक्षर काढलं नाही. मी त्याचा गुडघा महिन्याभरात चव्हाट्यावर आणला.

उद्यासाठी:

त्याचं सन्मानचिन्ह लेकीला. जसं कोरलंय तसं.

माझं साहेबांकडेच राहू दे.

पहिल्या रांगेतली माझी खुर्ची स्टोअरकीपरला. त्या वर्षाचं रजिस्टरही त्याच्याकडे. चौदा ओळींपुढे 'वाचलेले नाही' असं आज दुपारी लिहून सही केली आहे.

ही वही चिमणीला. सकाळी आठ वाजता, म्हणजे व्याख्यानाआधी तिला दोन तास मिळतील.

साहेबांना मी स्वतः साडेआठला सांगेन. तिला सांगावं लागू नये.